शब्दचर्चा : कलेला 'हौस' म्हणता येईल का?

वाई
शाळेच्या हस्तलिखितासाठी 'माणूस कला का करतो' यावर लिहितेय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. काम भागल्यावरही माणूस त्यावर जे आणखी काही करतो, त्याला काय म्हणायचं? 'कला' म्हटलं की मुलांना चित्रकलेचा तास आठवतो. जुन्या चौसष्ट कलांत तर स्वयंपाक, हार गुंफणं, रत्नपारख असं सगळंच येतं. शिवाय आपल्या भागात 'लय कलाकार हाय' हे कौतुकानं कमीच म्हणतात!

मला 'हौस' सुचतोय. बेंदराचंच, आपल्याकडच्या बैलांच्या सणाचंच घ्या. औत ओढायला शिंगं रंगवलेली लागत नाहीत. तरी शिंगं तासायची, हुरमुज लावायचा, शिंगांच्या टोकांना शेंब्या (धातूच्या टोप्या) बसवायच्या, झूल घालायची. हुरमुज मूळची लाल माती (हल्ली डब्यातला ऑइलपेंट). दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत अशाच लाल मातीचे, म्हणजे गेरूचे तुकडे मिळाले. त्यांवर आडव्यातिडव्या रेघा मुद्दाम कोरलेल्या आहेत आणि ते सुमारे 75,000 वर्षांपूर्वीचे आहेत. त्या रेघांना 'हौस' म्हटलं तर चालेल?

सातारा
ताई, शब्द छान निवडलात. अरबी 'हवस' फारसीतून इकडे आला. हिंदीत तो वासना आणि हाव यांच्याकडे झुकला, मराठीत मात्र सोज्वळ झाला. हौसमौज, हौसेला मोल नाही, हौशी नाट्यस्पर्धा. लेकीचं नावसुद्धा हौसा ठेवतात. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाक्का सगळ्यांना माहीत आहेत. (आणि याच मुलखात 'नकुसा' हेही नाव ठेवत होते, हे विसरता येत नाही.) 'हौस फिटली' म्हटलं की मात्र अर्थ उलटतो, एवढं मुलांना सांगा.

मिरज
आमच्याकडं तंबोरे होतात. घराण्यानं आम्ही शिकलगार, म्हणजे हत्यारं करणारे, धार लावणारे. संस्थानच्या काळात वाद्यांकडं वळलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच कामाला.

घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा माथा कानशीनं इतका घासायचा की तार त्यावरून नुसती चाटून गेली पाहिजे. मग तारेखाली दोरा घालून केसभर पुढं-मागं करायचा. एका जागी आवाज उघडतो. ही जवारी. एक घास जास्त झाला तर तार चरचरते, पुन्हा पहिल्यापासून. याला आम्ही हौस म्हणत नाही, कलाही म्हणत नाही. 'याचा हात बसलाय' एवढंच म्हणतो. पण दांडी भोपळ्याला मिळते तिथली कोरीव पानं? ती नसली तरी सूर तोच. तिथं तुमचा शब्द बसेल. मात्र पानं नसलेला तंबोरा गिऱ्हाईक हातात घेत नाही, मग ती हौस कुणाची, करणाऱ्याची का घेणाऱ्याची?

आटपाडी
मिरजकरांचा शेवटचा प्रश्न खरा आहे. उत्क्रांतीवाले त्यावरच भांडतात. आपल्या जत्रेत हौशे, नवशे, गवशे येतात ना, तशाच तीन बाजू आहेत.

गवशांचा पुढारी डार्विन. 1871 मध्ये त्यानं मांडलं की नराचा डौल आणि गाणं मादीच्या निवडीतून वाढत गेलं. ऑस्ट्रेलियातला साटिन बोवरबर्ड बघा. नर काटक्यांचा मांडव घालतो, निळी पिसं, निळी झाकणं गोळा करून पुढं मांडतो. अंडी त्या मांडवात नाहीत, घरटं मादी वेगळीकडं बांधते. मांडव फक्त दाखवायला.

हौशांच्या बाजूनं मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर. 1997 मध्ये त्यानं संगीताला चीजकेक म्हटलं : गोडाची, स्निग्धाची ओढ आधीपासून होती, तिला चाळवणारा पदार्थ माणसानं नंतर केला. म्हणजे कला हे उपउत्पादन.

नवशांकडून कलेच्या अभ्यासक एलेन डिसानायके. साध्या वस्तूला, साध्या आवाजाला 'विशेष' करणं ही माणसाची मूळ खोड, आणि ती विधींतून, एकत्र येण्यातून वाढली, असं तिचं म्हणणं. मला हेच पटतं, कारण आमच्याकडच्या धनगरांच्या गजीनृत्यात ढोलावर पाच-पन्नास माणसं एका पावलात फिरतात तेव्हा कोण कुणाला भुलवतंय हा प्रश्नच उरत नाही.

वाई
'विशेष करणं'ला मराठीत 'साज चढवणं' चालेल का?

सातारा
चालेल. साज अंगावरचा, वाद्यांचाही. मिरजकर खूश.

कराड
साज आणि हौस दोन्ही शब्दांत आनंद गृहीत धरलाय. आपल्या गावोगावी देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा उभ्या आहेत, त्यांचं काय करणार? खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, मग त्याला नेणाऱ्या अप्सरा, शेंड्याला शिवलिंग आणि चंद्रसूर्य. पाथरवटानं ढाल, केस, सगळं निगुतीनं काढलंय. ती कुणाची हौस?

आणि हे फार जुनं आहे. रशियातल्या सुंगीरला 30,000 वर्षांहून जुन्या दफनांत एक प्रौढ आणि दोन मुलं आहेत. त्यांच्या अंगावर मॅमथच्या (नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या) दातांचे मिळून 10,000 हून जास्त मणी होते. एकेक मणी कापायचा, भोक पाडायचं, घासायचं. हे सगळं मातीआड जाणार हे माहीत असताना. जात्यावरची ओवीही घ्या, दळताना बाई मेलेल्या भावाला आळवते.

मिरज
खरंय. आमच्यात कुणी मोठा वादक गेला की त्याचं वाद्य दुरुस्तीला आलं तर जवारी पहिल्यासारखीच लावून मागतात घरचे. वाजवणारं कुणी नसलं तरी.

वाई
मग बेंदराच्या परिच्छेदात 'हौस' ठेवते. सुंगीर आणि वीरगळ यांच्यासाठी 'साज'ही नको वाटतो, तिथं सरळ 'मणी केले', 'कोरलं' एवढी क्रियापदंच ठेवीन. 'कला' शीर्षकात राहील, मुख्याध्यापकांना तोच शब्द हवाय.