गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली, यात दोष कोणाचा?

मुलुंडकर (मूळ मत): नोकरीनिमित्त मी मुंबईत असलो, तरी घरची कोरडवाहू शेती यवतमाळ जिल्ह्यात आहे. गेल्या दिवाळीनंतर तिथे बाहेरून हिरवेगार दिसणारे एक बोंड फोडले, तर आतली एक पाकळी काळवंडलेली आणि तिच्यात गुलाबी अळी सरकी पोखरत बसलेली. ही वेळ आपण शेतकऱ्यांनीच ओढवून घेतली, असे माझे मत आहे. 2002 मध्ये बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच तयार व्हावे म्हणून जनुक घातलेला कापूस, आला तेव्हाच कडेने बिगर-बीटीच्या 5 ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते, लावण्याची अट होती. तिथे बीटीचे विष न खाता वाढलेल्या पतंगांचे (अळीच्या प्रौढ रूपाचे) त्या विषाला न जुमानणाऱ्या प्रतिकारक पतंगांशी मिलन व्हावे आणि प्रतिकारक्षमता पसरण्याचा वेग मंदावावा, हा त्यामागचा हिशेब. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत येणारी 120 ग्रॅमची ती पुडी आमच्याकडे, खोटे कशाला बोलू, कोनाड्यात पडून राहत असे.

दादरकर: पुडी पेरली असती तरी फार फरक पडला नसता, असे मला वाटते. आपल्याकडे बीटी आले ते संकरित वाणांतून. त्यामुळे एकाच बोंडातल्या सरक्यांमध्ये कुठे बीटीची दोन्ही विषे (पहिल्या आणि नंतर घातलेल्या दुसऱ्या जनुकाची), कुठे एकच, तर कुठे एकही नाही, अशी सरमिसळ असते आणि अळीला सौम्य मात्रेवर तगून राहण्याची आयती संधी मिळते. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा अशी इतर पिकेही चालतात. गुलाबी मात्र मुख्यतः कापसावरच जगते, त्यामुळे तिच्यावर निवडीचा (विषाला तोंड देणाऱ्या अळ्याच मागे उरण्याचा) सगळा दाब एकाच पिकातून पडला. 2006 मध्ये दुसरे जनुक घातलेले बियाणे आले, तरी 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार माजलाच. अळीला जास्त दिवस खाद्य पुरवणारे लांब मुदतीचे संकरित वाणच बाजारात ठेवायचे आणि दोष कोनाड्यातल्या पुडीला द्यायचा, हा न्याय नव्हे.

चेंबूरकर: आपण दोघेही बियाण्यातच अडकला आहात. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच काळात बोंडात शिरते. त्यानंतर वरून कितीही फवारले, तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, मरतात ते मित्रकीटक. ऐंशीच्या दशकात हिरव्या बोंडअळीने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना दाद देणे बंद केले होते, तोच धडा आपण तुडतुडे आणि पांढऱ्या माशीवर पुन्हा गिरवतो, कारण दुकानदार डबा बदलून देतो, पण आतल्या औषधाचा गट तोच राहतो. 2017 च्या हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक जीव गेले, हे तरी विसरू नये. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री, दर रात्री 8 पतंग सापडेपर्यंत फवारणीसाठी थांबावे, ही शिफारस कागदावरच राहिली आहे.

मुलुंडकर: संकरित वाणांचा मुद्दा मला मान्य आहे, तो मी विचारात घेतला नव्हता. मात्र डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच जुन्या झाडांवर पुन्हा कापूस, घ्यायला कोणत्याही कंपनीने सांगितलेले नाही. पुढच्या हंगामाची अळी त्याच उभ्या पऱ्हाटीत (कापसाच्या झाडांत) आणि जिनिंगच्या आवारातल्या सरकीत सुप्तावस्थेत मुक्काम करते.

दादरकर: सांगितले नाही, हे खरे. पण फरदडीला नवे बियाणे लागत नाही, नांगरटीचा खर्च नसतो, आणि पहिल्या वेचणीचे पैसे उसनवारीत गेलेले असतात. डिसेंबरात शेत मोकळे करा, असे सांगणाऱ्याने त्यानंतर शेतकऱ्याच्या हातात काय पडेल, तेही सांगायला हवे.