मदत हवी आहे: गाड्यांचे जुने पार्ट ऑनलाइन विकायचे आहेत. माल, कागद, तपासणी, कुरिअर

भोसरीकर_१४

नमस्कार मंडळी. भोसरीत १२ बाय २०चा गाळा भाड्याने मिळतोय, हाताशी अडीच लाख आहेत. मारुती आणि ह्युंदाईचे वापरलेले पार्ट ऑनलाइन विकायचा विचार आहे: हेडलाईट, आरसे, सेल्फ (स्टार्टर मोटर), अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा), एसीचा कॉम्प्रेसर. काउंटर टाकायचा नाही.

१. माल कुठून उचलावा, म्हणजे उद्या पोलीस दारात येणार नाहीत?
२. जीएसटी नंबर पहिल्या दिवसापासून लागतो का? कम्पोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांची सोपी, कमी दराची योजना) चालेल?
३. पार्ट तपासायचे कसे?
४. कुरिअरचा खर्च आणि तूटफूट?

एक जण म्हणतो, अख्खी जुनी गाडी घे, गाळ्यातच खोल, दुप्पट सुटतात. खरं का?

पान्हा_बारा

शेवटचं आधी घेतो. गाळ्यात गाडी खोलायची नाही. २०२१च्या सप्टेंबरात आलेल्या नियमांनुसार गाडी मोडीत काढायचं काम नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचं आहे. मालकाला 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट', म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, तिथूनच मिळतं. तुम्ही गाडी खोललीत तर ती कागदावर जिवंत राहते आणि तिचे तुकडे तुमच्या रॅकवर. वर इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी यांची विल्हेवाट कोण लावणार?

माल घ्यायच्या जागा तीन. पहिली स्क्रॅपिंग केंद्रं: भाव जरा चढा, पण बिल पक्कं. दुसरी गॅरेजं. इथे एक गोम आहे. विम्याच्या क्लेममध्ये बदललेल्या पार्टवर विमा कंपनीचा हक्क असू शकतो, तेव्हा 'हा क्लेमचा आहे का' हे विचारूनच घ्या. तिसरी कुर्ल्यासारखे बाजार. माल भरपूर, पण बिल देणाऱ्याकडूनच घ्यायचा. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली, त्यामुळे तिथल्या जुन्या पत्त्यांवर विसंबू नका.

खरेदीची वही पहिल्या पार्टपासून ठेवा. तारीख, विकणाऱ्याचं ओळखपत्र, ज्या गाडीतून पार्ट निघाला तिचा नंबर, पार्टचा फोटो, पैसे दिल्याचा यूपीआय संदर्भ. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून बघा. मॉडेल आणि वर्ष जुळलं नाही तर पार्ट कितीही देखणा असो, परत. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, हा वेगळा फटका.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल घेणाऱ्याबद्दल आहे. 'चोरीचा आहे असं मानायला कारण होतं' एवढंही त्यात पुरतं. निम्म्या भावात, बिलाशिवाय, रात्री आणून दिलेला ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) हे कारणच झालं. नंबर घासलेलं इंजिन आणि चॅसिस नंबर असलेला पत्र्याचा तुकडा, या दोन्हींना हात लावायचा नाही.

हिशेबनीस

जीएसटीचं माझ्याकडून. परराज्यात एक आरसा जरी विकला तरी नोंदणी लागते, वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी नको ही सूट तिथे कामाची नाही. कम्पोझिशन घेतलंत तर परराज्यात विकताच येत नाही, म्हणून ऑनलाइन धंद्याला ते निरुपयोगी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणार असाल तर २०२३च्या ऑक्टोबरपासून छोट्या विक्रेत्यांना पोर्टलवर नोंदणीशिवाय विकायची सवलत आहे, पण जुन्या पार्टचं गिऱ्हाईक हुबळी, इंदूर, सुरत असं विखुरलेलं असतं. नंबर घेऊनच टाका.

२२ सप्टेंबर २०२५पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे, आधी बहुतेकांवर २८ होता. आता मार्जिन स्कीम समजून घ्या, नियम ३२(५). नोंदणी नसलेल्या मेकॅनिककडून हेडलाईट १,२०० ला घेतला, २,२०० ला विकला, तर कर फक्त मधल्या १,००० वर: १८० रुपये. अट अशी की त्या पार्टवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं नसावं आणि किरकोळ साफसफाईपलीकडे तो बदललेला नसावा. स्क्रॅपिंग केंद्राच्या बिलावर क्रेडिट घेतलंत तर तो पार्ट नेहमीच्या पद्धतीने, पूर्ण किमतीवर कर लावून विका. दोन्ही मालांना वेगळे स्टिकर लावा, नाहीतर वर्षअखेरीस सीए आणि तुम्ही दोघेही डोकं धरून बसाल. मोठी पोर्टलं विक्रीवर अर्धा टक्का टीसीएस (आगाऊ जीएसटी) कापतात. तो परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

भोसरीकर_१४

हिशेबनीस, पान्हा_बारा, दोघांचेही आभार. मेकॅनिकने बिल दिलं नाही तर?

हिशेबनीस

तुम्हीच खरेदी व्हाउचर फाडा आणि त्याची सही घ्या. सही करायला कांकू करणाऱ्याचा माल नको.

अल्टरनेटर_आबा

पार्ट तपासणीबद्दल.

सेल्फ: शिकंज्यात (व्हाइसमध्ये) घट्ट आवळा, सोडलात तर उसळी मारतो. १२ व्होल्टच्या चार्ज बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला, पॉझिटिव्ह जाड बोल्टला, मग त्याच बोल्टवरून एक वायर सोलेनॉइडच्या (सेल्फवरच बसवलेल्या चुंबकी स्विचच्या) छोट्या टर्मिनलला टेकवा. पिनियन (पुढचा छोटा गिअर) पुढे उडी मारून फिरला पाहिजे. नुसतं 'टक' वाजून थांबला तर कार्बन ब्रश संपलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत. १० सेकंदांच्या वर फिरवू नका, वाइंडिंग तापतं.

अल्टरनेटर: गाडीवर लावून बघता आला तर उत्तम. गाडी चालू, हेडलाईट आणि ब्लोअर चालू, बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मीटर एसी व्होल्टवर टाकून अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर डायोड गेला. टेबलावर तपासायचा तर दोन स्लिप रिंगांमध्ये (फिरत्या दांड्यावरच्या तांब्याच्या कड्यांमध्ये) साधारण २ ते ४ ओहम यायला हवेत आणि रिंग ते बॉडी मीटरने जोड अजिबात दाखवू नये. एसएचव्हीएस (मारुतीची माइल्ड हायब्रिड यंत्रणा) असलेल्या सियाझ, अर्टिगामध्ये साधा अल्टरनेटर नसतो, आयएसजी (स्टार्टर आणि जनरेटर एकत्र) असतो. तो 'अर्टिगा अल्टरनेटर' म्हणून विकलात की परत आलाच समजा.

कॉम्प्रेसर: काढताक्षणी दोन्ही तोंडांना बूच. आतलं ऑइल हवेतली ओल ओढतं. क्लच हाताने फिरवा, अडकता कामा नये. थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर ओता. चंदेरी चुरा दिसला तर सरळ भंगारात.

ईसीएम नवख्याने घेऊच नये. घ्यायचाच तर त्याच गाडीची किल्ली आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) यांच्यासह सेट घ्या, नुसता लावला तर गाडी सुरू होत नाही. एअरबॅग आणि सीटबेल्टचा टेन्शनर अजिबात नको, त्यांत स्फोटक असतं. ब्रेक पॅडही नको.

खोकेवाला

कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्यावर पैसे घेतं. आकारमानाचं वजन असं काढतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. ७० × ४५ × ४० चा खोका म्हणजे २५.२ किलो, आत हेडलाईट मात्र ३ किलोचा! तोच ६० × ४० × ३० मध्ये बसवलात तर १४.४. म्हणून खोके पार्टच्या मापाने कापून घ्या, ५ प्लायचे. बंपर १७५ × ६० × ४५ धरला तर ९४.५ किलो होतात. बंपर, बोनेट सुरुवातीला विसरा, किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जवळपासच पाठवा.

हेडलाईट काचेवर क्वचित फुटतो, त्याचे कान (बॉडीला बसवायच्या पट्ट्या) मोडतात. आधी कानांभोवती फोम गुंडाळा, मग बबल, मग खोक्यात काच वरच्या बाजूला. कान हवेत राहिला पाहिजे, खोक्याला टेकता कामा नये. सेल्फच्या खोक्यात मात्र बबल फुकट जातो, जड पार्ट तो फोडून तळ फाडतो. तिथे पुठ्ठ्याचे तुकडे ठासून भरा.

कॅश ऑन डिलिव्हरी पहिल्या वर्षी बंद.

पान्हा_बारा

खोकेवाला, पूर्ण बंद केलीत तर निम्मी गिऱ्हाइकं जातील. जाण्यायेण्याचं भाडं आगाऊ घ्यावं, उरलेले पैसे दारात. खरी भीती वेगळी आहे. गिऱ्हाईक तुमचा चांगला अल्टरनेटर ठेवून घेतं आणि स्वतःचा जळलेला परत पाठवतं. उपाय: बोल्टच्या सांध्यावर रंगाचा थेंब, आतल्या बाजूला यूव्ही पेनने तुमचा अनुक्रमांक, आणि पॅकिंगचा अखंड व्हिडिओ ज्यात तो अनुक्रमांक आणि कुरिअरची चिठ्ठी दोन्ही दिसतात. हमी ७ दिवसांची 'लावून बघण्याची' द्या. महिन्याची देऊ नका, महिन्यात मेकॅनिक काय करेल ते तुमच्या हातात नाही.

अडीच लाखांतले लाख-सव्वालाखच मालात घाला. तीन मॉडेलं पुरेत: स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन. ५० हजार परतीच्या मालासाठी आणि भाड्यासाठी बाजूला.

भोसरीकर_१४

पहिली जाहिरात अशी लिहिली आहे. चुका काढा:

'ह्युंदाई आय-टेन हेडलाईट, ड्रायव्हर साइड, ओरिजिनल, नवीनसारखा. पार्ट नंबर ९२१०१ ने सुरू. एक महिना गॅरंटी. २,४००.'

अल्टरनेटर_आबा

अहो, ह्युंदाईचे पहिले पाच आकडे पार्ट सांगतात. ९२१०१ म्हणजे डावा हेडलाईट, क्लीनर साइड. ड्रायव्हर साइडचा ९२१०२. स्टिकर पुन्हा वाचा. स्टिकर बरोबर असेल तर 'ड्रायव्हर' खोडा. नंबर पूर्ण द्या, गिऱ्हाइकाचा मेकॅनिक तोच जुळवतो. आरसे टाकाल तेव्हा कनेक्टरच्या पिनाही मोजून लिहा, फोल्ड होणाऱ्या आणि इंडिकेटरवाल्या आरशाला जास्त पिना असतात.

पान्हा_बारा

'नवीनसारखा' काढा, 'वापरलेला' हा शब्द शीर्षकातच हवा. प्रत्येक कानाचा वेगळा फोटो टाका. एखादा कान वेल्डिंग केलेला असेल तर तसं लिहा आणि २०० कमी करा.

भोसरीकर_१४

स्टिकर पाहिला. ९२१०१च आहे, डावाच निघाला. जाहिरात बदलतो.