कोकमाच्या अर्काने डीपीपीएचचा रंग का जात नाहीये?

रानमेवा: प्रोजेक्टला कोकम घेतलंय. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट तपासायचं रसायन, अँटिऑक्सिडंट मिळालं की याचा रंग जातो) मेथॅनॉलमध्ये मस्त गडद जांभळं होतं, अॅस्कॉर्बिक अॅसिड घातलं की लगेच पिवळं पडतं, पण कोकमाचा अर्क घातला की ५१७ नॅनोमीटरला प्रकाश शोषणाचं रीडिंग थोडं उतरतं आणि अर्क वाढवला तर उलट चढतं! कोकमात अँटिऑक्सिडंट नाहीत असं कसं होईल?

परीक्षानळी: आहेत की, भरपूर आहेत. घोळ रंगाचा आहे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, आणि तो साधारण ५२० च्या आसपासच प्रकाश शोषतो, म्हणजे डीपीपीएचच्या अगदी अंगावर. प्रत्येक काँसन्ट्रेशनला नुसता अर्क आणि मेथॅनॉल असा सॅम्पल ब्लँक लाव आणि तो वजा कर.

बेंझीनवाला: शिवाय वेळ बघ. डीपीपीएचच्या नायट्रोजनवर एकटा इलेक्ट्रॉन असतो, आजूबाजूच्या रिंग्जमुळे तो टिकून राहतो, फिनॉलने (अँटिऑक्सिडंटचा एक प्रकार) आपला हायड्रोजन दिला की जोडी जमते आणि जांभळा रंग जातो. व्हिटॅमिन सी, म्हणजे तुझं अॅस्कॉर्बिक अॅसिड, हे काम झटक्यात करतं, मोठे पॉलिफिनॉल मात्र सावकाश, कारण त्या गर्दीत शिरायला त्यांना जागाच मिळत नाही. म्हणून ३० मिनिटं अंधारात ठेवतात.

रानमेवा: अरे देवा, मी लगेच रीडिंग घेत होते! थँक्यू दोघांना, उद्याच ब्लँक लावते.

परीक्षानळी: जमलं तर एबीटीएस (अशीच रंग जाण्यावरची दुसरी चाचणी) पण कर, ते ७३४ ला मोजतात, तिथे कोकमाचा रंग मध्ये येत नाही. फक्त पोटॅशियम परसल्फेट घालून आदल्या रात्रीच अंधारात ठेवावं लागतं.