मदत हवी आहे : टिअरड्रॉप ट्रेलरचा अ‍ॅक्सल नेमका कुठे? आणि मागचं झाकण १८ मिमी उघडं राहतंय

रंधामार

दोघांना झोपता येईल असा टिअरड्रॉप (गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर, मागच्या झाकणाखाली स्वयंपाकाचा ओटा) बांधतोय. बॉडी २४४० मिमी लांब, १५२५ मिमी रुंद, बाजूच्या भिंती १८ मिमी मरीन प्लायच्या. चासी ५० बाय ५० बाय ३ मिमी चौकोनी पाइपची, गाडीला जोडायची दांडी बॉडीच्या पुढे १००० मिमी. कमानपाट्यांचे हँगर (पाटे चासीला धरणारे कंस) अजून वेल्ड केलेले नाहीत, म्हणून आत्ताच विचारतोय. बेत असा होता की अ‍ॅक्सल बॉडीच्या बरोबर मध्ये, म्हणजे हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलपासून २२२० मिमीवर घ्यायचा.

वजनं आणि बॉलपासून अंतरं अशी (प्रत्येक वस्तूच्या मध्यापर्यंत):

चासी ९० किलो, २००० मिमी
बॉडी १९० किलो, २२०० मिमी
गादी-पांघरुणं २० किलो, १९०० मिमी
मागचा ओटा, कपाटं, झाकण ४५ किलो, ३१५० मिमी
फ्रिज भरलेला ३० किलो, ३२०० मिमी
पाणी ४० लिटर, ३३०० मिमी
बॅटरी १२ किलो, ३००० मिमी
भांडी, शेगडी, किरकोळ २५ किलो, ३२०० मिमी
अ‍ॅक्सल, पाटे आणि चाकं ६० किलो, ती अ‍ॅक्सलवरच.

प्रश्न :
१. अ‍ॅक्सल मध्ये चालेल का? दांडीवर किती वजन यायला हवं?
२. मागचं झाकण : १८ मिमी प्लायच्या ५ फासळ्या, ६० मिमी खोल, वर ३.६ मिमी प्लाय चिकटवलाय. क्लँप काढल्यावर खालची कड १८ मिमी बाहेर आली. बिजागरी वर बसवून पाहिली, खाली फट तेवढीच.
३. वर १ मिमी अ‍ॅल्युमिनियम लावायचंय. पूर्ण चिकटवू की नुसते स्क्रू?
४. फ्रिजला १.५ चौ. मिमी वायर टाकणार होतो. बॅटरीपासून ४ मीटर लांब. पुरेल?

---

भारवाहक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं, वेल्ड केलेला हँगर कापायला जीवावर येतं.

अ‍ॅक्सल मध्ये अजिबात नको. तुमचेच आकडे घ्या. प्रत्येक वजन गुणिले त्याचं अंतर, सगळ्यांची बेरीज ११,२१,७५०. अ‍ॅक्सल-चाकं सोडून वजन ४५२ किलो. भागाकार केला की गुरुत्वमध्य येतो २४८२ मिमीवर, म्हणजे तुमच्या अ‍ॅक्सलच्या २६२ मिमी मागे! दांडीवर वजन येतं उणे ५३ किलो. ट्रेलर कपलरला (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) वर उचलणार, गाडीची मागची चाकं हलकी होणार. शेजारून ट्रक गेला की शेपूट झुलायला लागेल, आणि मागे जड ट्रेलरचं झुलणं आपोआप थांबत नाही, वेगाबरोबर वाढत जातं.

दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवेत. त्याहून जास्तही नको, गाडीच्या हिचवर छापलेली मर्यादा बघा.

नुसता अ‍ॅक्सल मागे सरकवून जमवायचं तर तो पार ओट्याखाली जाईल. म्हणून आधी सामान हलवा, मग अ‍ॅक्सल :

– बॅटरी पुढच्या पेटीत, ८०० मिमीवर.
– फ्रिजही त्याच पेटीत, ७५० वर.
– स्टेपनी तुमच्या यादीत नाहीच. ती १५ किलो धरा, बॉडीच्या पुढच्या भिंतीला किंवा दांडीखाली, ८०० वर.
– पाण्याची टाकी फरशीखाली, बरोबर अ‍ॅक्सलच्या वर.

पाण्याचं कारण नीट समजून घ्या. पुढे ठेवलं तर टाकी भरलेली असताना आकडा छान दिसतो, दोन दिवसांनी पाणी संपलं की दांडी हलकी होते. मागे ठेवलं तर उलटं. अ‍ॅक्सलवर ठेवलं तर टाकी भरलेली असो की रिकामी, दांडीवरचे किलो तेच राहतात.

आता पाणी सोडून ४२७ किलो, गुणाकारांची बेरीज ९,०१,८५०. अ‍ॅक्सल बॉलपासून २४६० मिमीवर घेतला तर दांडीवर ६० किलो. एकूण ५२७ किलोच्या साडेअकरा टक्के, टाकी रिकामी असताना सव्वाबारा-साडेबारा. बॉडीच्या पुढच्या कडेपासून १४६० मिमी, म्हणजे लांबीच्या ६० टक्क्यांवर. मडगार्डही २४० मिमी मागे जाईल, दाराला जागा मोकळी मिळेल, तो वरचा फायदा.

पुढच्या पेटीचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. ती १० किलोची झाली तर दांडीवर साधारण ७ किलो वाढतील, चालतंय.

---

रंधामार

हिशेब पटला. स्वयंपाक मागे आणि फ्रिज पुढे म्हणजे प्रत्येक वस्तूला ट्रेलरभोवती प्रदक्षिणा, पण ठीक आहे. पुढच्या पेटीत गॅसचा छोटा सिलिंडरही मावेल, ठेवू का?

---

भारवाहक

नाही! बॅटरी आणि फ्रिज असलेल्या पेटीत सिलिंडर कधीच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर पेटीच्या तळाशी साचतो, आणि फ्रिजच्या कंप्रेसरचा रिले किंवा सैल टर्मिनलची एक ठिणगी पुरते. सिलिंडरला वेगळी पेटी, तळाला सरळ बाहेर उघडणारं छिद्र, छिद्राखाली काही नाही. शेगडी फक्त मागच्या ओट्यावर, झाकण उघडं ठेवून. आत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवणं हा विषय चर्चेलाही नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेत लावाच.

हँगर वेल्ड करायच्या आधी दोन गोष्टी. एक, पाट्याच्या मधल्या बोल्टवरून खूण करा आणि शॅकल (पाट्याच्या मागच्या टोकाची झुलती कडी) भार आल्यावर किंचित मागे कललेला राहील एवढं अंतर ठेवा. शॅकल सरळ उभा किंवा पुढे कललेला असेल तर खड्ड्यात तो उलटा फिरून अडकतो. दुसरी, बॉलच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेपने मोजा, फरक २ मिमीच्या आत हवा. नाहीतर ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालेल आणि टायरची एकच कड झिजेल. आधी टॅक (वेल्डचे छोटे टाके) मारा, पुन्हा मोजा, मग पूर्ण वेल्ड.

आणि पाटे दुप्पट क्षमतेचे घेऊ नका. ५२७ किलोच्या ट्रेलरला १२०० किलोचे पाटे लावले तर ते दबतच नाहीत, सगळे धक्के कपाटांच्या स्क्रूंना बसतात. एकूण ६५०-७०० किलोची जोडी भरपूर.

---

काटकोन

झाकणावर लिहितो.

फासळ्या योग्य गोलाईत कापलेल्या आहेत, दोष त्यांचा नाही. वरचा ३.६ मिमीचा प्लाय सरळ व्हायला बघतो आणि फासळ्यांना सोबत ओढतो. एका बाजूला कातडी आणि दुसरी बाजू उघडी असली की हे होणारच. आता वाकवताना ८-१० मिमी जास्त वाकवायला हवं होतं वगैरे सांगून उपयोग नाही. वरून पाणी मारून पट्ट्याने आवळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चिकटवलेला प्लाय ओला होऊन वाकतो, वाळला की परत येतो, वर गोंदाचा जोड सुटतो तो वेगळाच.

असं करा. प्रत्येक फासळीला आतल्या कडेकडून, खालच्या टोकापासून ६०० मिमीवर एक काप घ्या. ६० पैकी ४८ मिमी खोल, बाहेरचे १२ मिमी सोडा. काप दीड मिमी रुंदीचा, म्हणजे बारीक पात्याच्या हातकरवतीने. कारण बघा : दीड मिमी भागिले ४८ गुणिले ६०० म्हणजे जवळपास १९ मिमी. काप पूर्ण मिटला की खालची कड १९ मिमी आत येते, तुम्हाला १८ हवेत. सर्क्युलर सॉने ३ मिमीचा काप घेतलात तर ३७ मिमी येतील आणि झाकण आत घुसेल. पाचही काप एका रेषेत हवेत, नाहीतर झाकण पिळलं जाईल.

मग झाकण जागेवर बंद करून रॅचेट पट्ट्यांनी आवळा, काप मिटतील. कापात इपॉक्सी भरा, प्रत्येक फासळीच्या दोन्ही अंगांना ६ मिमी प्लायचे २०० मिमी लांब तुकडे इपॉक्सीने चिकटवा. पट्टे न काढता आतून मोकळ्या जागेत फोम भरा आणि ३ मिमीचा आतला प्लाय चिकटवा. जिथे हात पोचत नाही तिथे दोन टप्प्यांत करा, पण ४८ तास पट्टे सोडू नका. आतली कातडी बसली की झाकण बंद खोक्यासारखं होतं, मग ते उघडत नाही. खरा इलाज हीच आतली कातडी, काप फक्त १८ मिमी परत मिळवण्यापुरता.

गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणारे गॅसभरले दांडे) त्यानंतरच मागवा, झाकण वजनकाट्यावर ठेवून. समजा अ‍ॅल्युमिनियमसकट २० किलो भरलं आणि पूर्ण उघडल्यावर बिजागरीपासून वजनाचा मध्य आडवा ६५० मिमीवर आला. २० गुणिले ९.८१ गुणिले ०.६५ म्हणजे १२७ न्यूटन-मीटर. स्ट्रटच्या रेषेचं बिजागरीपासून लंबांतर १८० मिमी असेल तर दोघांत मिळून ७०८, प्रत्येकी ३५४ न्यूटन. ४०० ची जोडी घ्या. तापमान २० अंशांनी उतरलं की ताकद सुमारे ७ टक्के घटते, तेवढी सोय त्यात आहे. ‘मजबूत असावा’ म्हणून ६०० ची घेतलीत तर बंद झाकण मधून फुगतं, खालचे कोपरे कडीपासून उचलले जातात, आणि आत्ता बुजवलेली फट पुन्हा दारात हजर. बंद स्थितीत स्ट्रटच्या बारीक दांड्याची बाजू खाली ठेवा म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.

---

थेंबे थेंबे

तिसरा प्रश्न. अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे प्रत्येक अंशाला ०.०२३ मिमी वाढतं. २४४० मिमीचा पत्रा, पहाट ते दुपार ४० अंशांचा फरक (उन्हात पत्रा हवेपेक्षा खूप तापतो) : सव्वादोन मिमी. प्लाय त्या मानाने हलतच नाही. पत्रा चारही कडांना घट्ट स्क्रूने जखडला तर मध्ये फुगा येतो किंवा स्क्रूची भोकं लांबट होतात, आणि लांबट भोकातून पाणी प्लायच्या कडेत शिरतं.

पत्रा पुढच्या खालच्या कडेला पक्का करा, बाकी मोकळा तरंगू द्या. बाजूच्या कडांवर कोपऱ्याची अ‍ॅल्युमिनियम पट्टी दाबून बसते, तिच्याखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). ४ मिमी स्क्रूला पत्र्यात ५.५ ते ६ मिमीचं भोक. स्टेनलेस स्क्रू अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकला की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरं होऊन खाल्लं जातं, तर प्रत्येक स्क्रूखाली टेपचा तुकडा किंवा रबरी वॉशर.

सिलिकॉन कुठेही वापरू नका. आज छान चिकटतं, पण उद्या त्यावर ना रंग बसत ना दुसरं सीलंट, आणि पूर्ण निघतही नाही. दार-खिडक्यांच्या चौकटीखाली ब्युटाइल, उघड्या सांध्यांना पॉलियुरेथेन.

पत्रा चढवायच्या आधी प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात, पहिला पातळ करून. कड स्पंजासारखी पिते. पहिला हात लगेच सुकल्यासारखा दिसतो, तो सुकलेला नसतो, आत गेलेला असतो.

एक न विचारलेलं सांगतो. दोन माणसं बंद खोक्यात आठ तास झोपली की श्वासातून निदान अर्धा लिटर पाणी हवेत जातं आणि थंड भिंतीवर थेंब धरतं. छतावर १२ व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा लावणार असाल तर हवा आत यायला खालच्या बाजूला जाळीचं भोकही हवं, नाहीतर पंखा नुसता गुरगुरतो. गादीखाली पट्ट्या मारून १५-२० मिमी पोकळी ठेवा. गादीच्या खालची बुरशी पहिल्यांदा कुणालाच दिसत नाही.

---

भारवाहक

वायरचं राहिलं होतं. ४ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर तांबं. १.५ चौ. मिमीत रोध ०.०९३ ओहम, ५ अ‍ॅम्पिअरला जवळपास अर्धा व्होल्ट पडतो. चालू फ्रिजला ते पचतं, पण कंप्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, तेव्हा व्होल्टेज कटऑफखाली (ज्याखाली फ्रिज स्वतःच बंद होतो) जातं आणि फ्रिज पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करत बसतो. लोक फ्रिज बदलतात, दोष वायरचा असतो. आता बॅटरी आणि फ्रिज एकाच पेटीत आल्याने अंतर मीटरभर राहिलं, २.५ चौ. मिमी भरपूर. मागच्या ओट्याच्या दिव्यांना १.५ चालेल. मुख्य फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभराच्या आत, पुढे प्रत्येक फाट्याला वेगळा. पेटीला फ्रिजच्या गरम बाजूकडे दोन जाळ्या द्या, एक खाली, एक वर.

४५ वॉटचा फ्रिज ४० टक्के वेळ चालला तर दिवसाला ३६ अ‍ॅम्पिअर-तास. १०० ची लिथियम बॅटरी असेल तर ८० वापरायच्या, म्हणजे पंखा-दिवे धरून जेमतेम दोन दिवस. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नका, हे संरक्षण बॅटरीच्या आतल्या सर्किटमध्ये आहे का ते विकत घेतानाच तपासा.

ट्रेलरच्या दिव्यांचा अर्थ (अर्थिंग, करंटचा परतीचा मार्ग) चासीतून आणि बॉलमधून परत येईल असं गृहीत धरू नका. ग्रीस आणि गंजातून तो कधी येतो, कधी नाही, मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. सॉकेटच्या अर्थ पिनपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी वायर ओढा.

---

रंधामार

सगळं टिपून घेतलं. शेवटचं : वेल्ड झाल्यावर दांडीवरचं वजन प्रत्यक्ष कसं मोजू? घरचा काटा चालेल?

---

काटकोन

चालेल. चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा, सामान जागच्या जागी भरा. काट्यावर लाकडाचा उभा तुकडा ठेवून कपलर त्यावर टेकवा, उंची गाडीच्या बॉलइतकीच हवी आणि चासी पाणसळीत. कपलर १०० मिमी वर-खाली झाला तरी आकडा बदलतो. ५५ ते ७० किलोमध्ये आला की झालं. जास्त आला तर आधी स्टेपनी मागे न्या, अ‍ॅक्सलला हात लावू नका.

पहिल्या ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंगचा नट जास्त कसलाय. मुक्कामी कपलर सोडल्यावर मागचे दोन जॅक टेकवल्याशिवाय ओट्याच्या बाजूला कुणी बसायचं नाही, ट्रेलर मागे कलंडतो.

सेफ्टी चेन कपलरखाली फुलीसारख्या अडकवा, सरळ नको. कपलर निसटला तर दांडी त्या फुलीत पडते, रस्त्यात रुतत नाही.