स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवताना शॉकअपही बदलावेत का?

टिळकवाडीकर

नमस्कार. माझ्याकडे २०१९ ची स्विफ्ट असून ती सुमारे ७०,००० किलोमीटर चालली आहे. गाडी ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा संच घेण्याचा विचार आहे. विक्रेत्याच्या सांगण्यानुसार या स्प्रिंग मूळ स्प्रिंगांपेक्षा साधारण ३० टक्के कडक आहेत. रोजचा प्रवास बेळगावातच, तिसऱ्या रेल्वे फाटकावरून उद्यमबागेपर्यंतचा असला, तरी चोर्ला घाटातून गोव्याला आणि हमरस्त्याने कोल्हापूरला जाणे नेहमीचे आहे, आणि अशा वेळी गाडीत पाच माणसे व सामान असते. एका गॅरेजमध्ये सांगितले की कंपनीचे शॉकअप तसेच ठेवले तरी चालतात. दुसरीकडे सांगितले की चारही शॉकअप बदलणार नसाल, तर स्प्रिंगांना हातच लावू नका. कारण मात्र दोघांनीही दिले नाही, आणि मला ते समजून घ्यायचे आहे. गाडी दिसायला चांगली व्हावी हा हेतू आहेच, परंतु वळणांवर ती कमी कलावी हीही इच्छा आहे.

उद्यमबागेतला फिटर

प्रथम दोन्ही भागांची कामे वेगळी करून पाहू. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्यात बसलेला धक्का दाबून घेऊन साठवते. साठवलेली ही ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते, आणि ती शॉकअपमध्ये खर्च होते. तिथे पिस्टनच्या बारीक झडपांतून तेल जोराने ढकलले जाते आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. स्प्रिंग जितकी कडक, तितक्या जोराने ती गाडीला परत वर फेकते, म्हणून कडक स्प्रिंगबरोबर शॉकअपचा विरोध, विशेषतः पिस्टनचा दांडा बाहेर येतानाचा विरोध, वाढावा लागतो.

किती वाढावा, याचा हिशोब अवघड नाही. वजन तेच असताना लागणारा विरोध स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३० टक्के कडक स्प्रिंगसाठी १.३ चे वर्गमूळ घ्या, ते सुमारे १.१४ येते. म्हणजे गाडी पूर्वीइतकीच स्थिर राहायची असेल, तर शॉकअपचा विरोध १४ टक्क्यांनी वाढायला हवा. तुमचे शॉकअप अगदी नवे असते, तर एवढी तूट सहन झाली असती, कारण कंपनी थोडी सवड ठेवते. परंतु ७०,००० किलोमीटर चाललेल्या शॉकअपमध्ये झडपा आणि तेल आधीच थकलेले असतात. तुमच्या पहिल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे नव्या गाडीला लागू पडेल. तुमच्या गाडीला ते लागू पडत नाही.

बोनेट दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचे, या चाचणीवर विसंबून राहू नका. हाताने दाबल्यावर दांडा सावकाश सरकतो, खड्ड्यात तो अनेक पटींनी वेगाने सरकतो, आणि झिजलेला शॉकअप नेमका त्या वेगालाच उघडा पडतो. दांड्याच्या सीलजवळ तेलाचा हलका ओलावा असणे वेगळे आणि खालच्या नळकांड्यावर तेल ओघळलेले दिसणे वेगळे. दुसरी स्थिती असेल, तर गाडी खाली बसवा किंवा बसवू नका, शॉकअप बदलणे भागच आहे.

कलण्याविषयी एक गोष्ट सांगतो. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच खांब असतो. अशी गाडी फार खाली आली की चाकाला सांगाड्याशी जोडणारे खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर झुकतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहूनही जास्त खाली जातो, म्हणजे दोघांतले अंतर वाढते. त्यामुळे कलणे कमी होते ते मुख्यतः स्प्रिंगच्या कडकपणामुळे. उंची घटवून तितका फायदा मिळत नाही.

कणकुंबीकर

वरचा हिशोब बरोबर आहे, परंतु आपल्या रस्त्यांवर त्याआधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे चाकाला वर यायला जागा किती उरते. पीरनवाडीहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याची पावसाळ्यात काय स्थिती होते, हे मी रोज पाहतो. तिथे विरोधाच्या टक्क्यांपेक्षा मिलिमीटरच गाडी वाचवतात.

समजा, रिकामी गाडी उभी असताना मागच्या चाकाला बफर (शेवटचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) दाबला जाईपर्यंत ८० मिमी जागा आहे, आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २ किलो आहे. मागची माणसे आणि सामान मिळून प्रत्येक मागच्या चाकावर १०० किलो वाढले, तर मूळ गाडी ५० मिमी दबते आणि ३० मिमी उरतात. नवी स्प्रिंग दर मिलिमीटरला २.६ किलोची आहे, त्यामुळे त्याच वजनाने ती ३८ मिमीच दबेल. पण ३५ मिमी तुम्ही आधीच खर्च केलेले आहेत. उरले फक्त ७ मिमी! तुमच्या गाडीचे खरे आकडे थोडे वेगळे निघतील, परंतु चित्र असेच राहील. २० मिमी खाली घेतल्यास याच हिशोबाने २२ मिमी उरतात. म्हणून माझा आग्रह आहे की ३५ मिमीचा संच सोडून द्यावा.

आणि ही उणीव निव्वळ चांगले शॉकअप घेऊन भरून निघत नाही. खालावलेल्या गाडीसाठी बनवलेले आखूड नळकांड्याचे शॉकअप घेतल्यास पिस्टन पुन्हा मधल्या जागेत काम करतो आणि तळावर आपटत नाही, हा त्यांचा मोठा फायदा आहे. परंतु चाक आणि मडगार्ड यांच्यातले अंतर त्यांनी वाढत नाही.

मोजण्याची सोपी रीत अशी. शॉकअपच्या दांड्यावरचे रबरी आवरण वर सरकवून दांड्याला प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि तो सीलला टेकवून ठेवा. मग पूर्ण वजन भरून आपल्या नेहमीच्या रस्त्याने जाऊन या. टाय दांड्यावर जिथवर ढकलला गेला असेल, तिथवर तुमची गाडी दबते. मूळ स्प्रिंगांवरच तो बफरपर्यंत पोहोचत असेल, तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

गतिरोधकांची भीती मात्र थोडी अवास्तव आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.४५ मीटर धरले, तर तशा गतिरोधकावर गाडीच्या पोटाखाली जेमतेम ४४ मिमी उंचवटा येतो. त्रास देतात ते गावोगावी लोकांनी स्वतः घातलेले अरुंद, उभ्या चढाचे उंचवटे.

निपाणीकर

माझे मत थोडे वेगळे आहे. मी नव्याच घेतलेल्या गाडीवर सौम्य, म्हणजे गाडी थोडीच खाली घेणाऱ्या स्प्रिंग बसवल्या आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले. हमरस्त्यावर आणि शहरात गाडी व्यवस्थित चालते. त्यामुळे प्रत्येकाला बदलावेच लागतात, असे मी म्हणणार नाही. परंतु चिकोडीकडच्या रस्त्यांवर उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात, तिथे लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या धक्क्याला अजून सावरलेली नसते, हेही तितकेच खरे आहे.

खर्चाचा विचार करताना मजुरी विसरू नका. पुढची स्प्रिंग काढायची म्हणजे अख्खा स्ट्रट खाली उतरवून, स्प्रिंग दाबून, वरचा नट खोलावा लागतो. शॉकअप वर्षभराने बदलला, तर हेच काम आणि चाकांचे अलाइनमेंट दुसऱ्यांदा करावे लागेल. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी कंपनीच्या मापाचे नवे शॉकअप बसवा आणि स्प्रिंग पुढच्या वर्षावर ढकला. मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्याने तिथे फारसे नुकसान होत नाही. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलओव्हरचा (आट्यांवर फिरवून उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचा) मोह झाला, तर एवढे लक्षात ठेवा की घाटातल्या तांबड्या चिखलाने त्यांचे आटे जाम होतात आणि दर पावसाळ्यानंतर ते साफ करावे लागतात.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. एका ठिकाणी बफर अर्धा कापून जागा वाढवण्याचा सल्ला मिळाला, तो मानावा का? आणि केए-२२ (बेळगाव) पासिंगची गाडी घेऊन महाराष्ट्रात व गोव्यात जाताना कायद्याची काही अडचण येऊ शकते का?

उद्यमबागेतला फिटर

संच बनवणाऱ्याने ठरावीक माप दिले असेल, तर तेवढाच बफर कापावा. मूळ लांबीच्या शॉकअपवर अंदाजाने कापलेला बफर धोक्याचा असतो, कारण मग धक्का रबराऐवजी शॉकअपच्या आतल्या तळझडपेवर बसतो. मूळ स्प्रिंगच कापून गाडी खाली घेण्याचा मार्गही कुणी सुचवला, तर तो साफ नाकारा. चाक मोकळे लटकल्यावर अशी स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.

कायद्याविषयी: तिन्ही राज्यांत लागू असलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणून काम करण्यापूर्वी आरटीओमध्ये विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पुढे दावा करण्याची वेळ आली, तर हा कागद उपयोगी पडेल.

तुमच्या वापरासाठी २० मिमीच्या आसपासचा सौम्य संच आणि त्याला जुळणारे चार नवे शॉकअप, असे माझे मत आहे. काम करून घेताना फिटरला दोन गोष्टी आवर्जून सांगा. स्ट्रट वर गाडीला जिथे जोडलेला असतो ते माउंट आणि त्याचे बेअरिंग झिजलेले असतील, तर तेही त्याच वेळी बदलावेत. आणि खालच्या आर्मच्या बुशांचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर उभी असताना आवळावेत, नाहीतर बुशांचे रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. अलाइनमेंट मात्र त्याच दिवशी करून थांबू नका. स्प्रिंग थोड्या बसल्या की आठवडाभराने पुन्हा तपासून घ्या आणि त्याच वेळी हेडलाइटचा रोखही नव्याने लावून घ्या.