पोती भरली, पुढे काय?

'दर रविवारी टेकडीखालचा रस्ता साफ करतो, बुधवारपर्यंत पुन्हा तसाच. मग करायचं कशाला?' हा स्वच्छता मोहिमेतल्या मंडळींचा प्रश्न रास्तच आहे. पण खरी गोम मला पोत्यांत दिसते. कडेला पोती रचली, फोटो काढले आणि मंडळी मिसळ खायला पांगली, की दुपारपर्यंत कुत्री ती फाडतात.

म्हणून आधी आपल्या भागातल्या आरोग्य कोठीत (पालिकेच्या सफाई विभागाची स्थानिक चौकी) जाऊन मुकादमांशी, म्हणजे सफाई कामगारांवर देखरेख करणाऱ्यांशी, बोला. कचऱ्याची गाडी कधी येते ते विचारा आणि त्या सुमारासच काम आटपा. विकाऊ माल आणि बाकी कचरा यांची पोती पहिल्यापासून वेगळी ठेवा. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा विकला जातो. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून पुणे महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते. सुक्या मालाची विक्री हा त्या ताईंच्या कमाईचा भाग आहे, तेव्हा तो माल त्यांनाच द्या. वेफर्स-गुटख्याच्या पुड्यांना मात्र कोणी विचारत नाही, कारण त्यांत वेगवेगळे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या बघून वाटत नाही!)

मे महिन्यात पावसाळी गटारांच्या जाळ्या आधी साफ करायला घ्या, नाहीतर जूनमध्ये पिशव्या तिथेच अडकून पाणी तुंबतं. झुडपात हात घालू नका, चिमटा वापरा. काचांसाठी जाड हातमोजे हवेतच. आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला मोठा डबा ठेवायला राजी करा, निम्मे कप तिथूनच येत असणार.