क्रेनने ओढत नेलेला टेम्पो सुटून भावाला लागला, भरपाई कुणाकडे मागायची?

कृष्णाकाठ_दादा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज. गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ रात्री कामावरून बाइकने घरी येत होता. वय २९, वायरमन आहे, घरांच्या फिटिंगची कामं घेतो. कराडच्या अलीकडे सर्व्हिस रोडला चढ आहे तिथे पुढे एक क्रेन बंद पडलेला टेम्पो ओढत चालली होती, टेम्पोला मागून ना लाइट ना काही. चढावर साखळीचा हूक निसटला आणि टेम्पो उतारानं मागे आला तो थेट याच्या अंगावर. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय, गुडघ्याचं लिगामेंटपण गेलंय. डॉक्टर म्हणतात सध्या शिडीवर चढायचं नावच काढू नका, पुढचं पुढे बघू. बिल सव्वातीन लाखाच्या वर गेलंय.

आता क्रेनमालक दोनदा घरी येऊन गेला, ४० हजार रोख घ्या आणि स्टँपपेपरवर सही करा म्हणतो. त्याचं म्हणणं असं की क्रेन लागलीच नाही, लागला तो टेम्पो, म्हणून माझा इन्शुरन्स लागू होत नाही. टेम्पोवाला म्हणतो माझी गाडी तर बंद होती, बंद गाडीवर कसला क्लेम. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत आणि आई रोज म्हणते मिळतंय ते घे बाबा, कोर्टकचेरी आपलं काम नाही. एफआयआर झालीय पण त्यात फक्त क्रेनचा नंबर आहे. क्लेम नक्की कुणावर करायचा? आणि वेळ किती आहे हातात?

मिरजेची_ताई

दादा आधी एक काम करा, आईंना सांगा की कुठल्याही कागदावर सही करायची नाही, अंगठा नाही, काही नाही. आमच्या मिस्टरांच्या वेळी असाच कागद पुढे आला होता, वर "माझी काही तक्रार नाही, चूक माझीच होती" असं टाइप करून आणलं होतं आणि खाली रक्कम. दिरांनी वाचून बघितलं म्हणून वाचलो. तो माणूस गोड बोलतो, फळं घेऊन येतो, पण त्या एका ओळीवर पुढे इन्शुरन्सचा वकील कोर्टात उभा राहतो. औषधाला मदत म्हणून कोणी पैसे देत असेल तर ते बँकेत टाकायला सांगा, बदल्यात लिहून काही देऊ नका.

बाकी कायद्याचं जाणकार सांगतीलच. भावाला लवकर बरं वाटू दे.

वकील_सातारा

मी मोटार अपघात दाव्यांचीच कामं करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे क्रेनवाला आणि टेम्पोवाला दोघंही जे सांगतायत ते कायद्यात टिकत नाही. मोटार वाहन कायद्यात "वाहनाच्या वापरातून" झालेला अपघात असा शब्दप्रयोग आहे आणि तो कोर्टांनी खूप व्यापक धरलाय. याचा मोठा निकाल आपल्याच भागातला आहे. १९८७ साली सातारा जिल्ह्यात याच पुणे-बंगळूर हायवेवर पेट्रोलचा टँकर ट्रकला घासून उलटला, काही तास तसाच पडून होता, पेट्रोल गळत होतं, मग स्फोट झाला आणि जमलेली माणसं होरपळून गेली. विमा कंपनी म्हणाली टँकर तर नुसता पडून होता, वापरात कुठे होता. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये ते फेटाळलं, बंद पडलेलं उभं वाहनसुद्धा वापरात धरलं आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्याकडचा टेम्पो तर रस्त्यावर ओढत नेला जात होता, इंजिन बंद असलं म्हणून काय झालं. आणि क्रेन लागली नाही हे म्हणणं तर आणखी पोकळ आहे, टेम्पो क्रेनच्याच ताब्यात होता, हूक तिचा, साखळी तिची, निष्काळजीपणा तिच्या माणसांचा.

त्यामुळे कलम १६६ खाली दावा करताना चारही जणांना पार्टी करा, क्रेनचा मालक, क्रेनची विमा कंपनी, टेम्पोचा मालक, टेम्पोची विमा कंपनी. क्रेनचा ड्रायव्हरपण घालतात, घाला. दोघांचा मिळून निष्काळजीपणा असेल तर जखमी माणूस पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. कुणाचा किती टक्के दोष ते त्यांनी आपापसात बघावं, तुमच्या भावाने त्यासाठी थांबायची गरज नाही.

मुदतीचं नीट लक्षात घ्या. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत दावा दाखल करायचा असं बंधन आलंय. त्या बंधनाला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश झालाय की तोवर मुदत संपली एवढ्या कारणावरून दावे फेटाळू नका. पण अंतरिम आदेशावर विसंबून बसू नका, सहा महिन्यांच्या आतच टाका. दावा टाकायला क्रेनमालकाच्या गावी जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात चालतो.

कलम १६४ म्हणूनही एक रस्ता आहे, त्यात चूक कुणाची ते सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला सरळ अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख. पण ते एकदा घेतलं की १६६ चं दार बंद होतं. तुमच्या केसमध्ये चूक उघड दिसतेय, भावाचं कामच पायावर अवलंबून आहे, मी तरी १६४ सुचवणार नाही.

कृष्णाकाठ_दादा

साहेब खूप खूप आभार, आईला आत्ताच वाचून दाखवलं. दोन शंका. एफआयआरमध्ये टेम्पोचा नंबरच नाही त्याचं काय करू? आणि भावाची मेडिक्लेम होती त्यातून २ लाख मिळालेत, क्रेनवाला म्हणतो ते वजा होणार मग तुमच्या हातात काय उरणार.

वकील_सातारा

टेम्पोच्या नंबरासाठी तपासी अंमलदाराकडे जाऊन भावाचा पुरवणी जबाब नोंदवून घ्यायला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. स्पॉट पंचनाम्यात टेम्पोचा उल्लेख असणारच, तो आधी बघा. अपघाताचा पहिला रिपोर्ट पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, म्हणजे तो सविस्तर रिपोर्ट जायच्या आत टेम्पो त्यात यायला हवा. नंतर दुरुस्ती होते पण चपला झिजतात.

मेडिक्लेमचं म्हणाल तर मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये निकाल दिलाय की मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत. हप्ते तुमच्या भावाने भरलेत, त्याचा फायदा क्रेनवाल्याला कशाला.

आणि रकमेचा अंदाज येऊ दे म्हणून साधा हिशोब सांगतो. समजा महिना १८ हजार कमाई धरली तर वर्षाचे २,१६,०००. वय २६ ते ३० ला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे गुणायचा आकडा, १७ लागतो. समजा कोर्टाने कामाची क्षमता २० टक्के कमी झाली धरली तर २,१६,००० × १७ × २० टक्के म्हणजे ७,३४,४०० झाले, आणि चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंदेवाल्याला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के उत्पन्नात धरले की ते १० लाखांवर जातं. हॉस्पिटलचं बिल, बसून गेलेले महिने, वेदना, पुढची ऑपरेशन्स, व्याज हे सगळं वेगळं. आता ते ४० हजार शेजारी ठेवून बघा.

यात कळीचा मुद्दा म्हणजे डॉक्टर लिहितो ती अपंगत्वाची टक्केवारी आणि कामावर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नीट समजावून सांगितलंय. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा गुडघा आखडला तर पगार चालू राहतो, वायरमनचा आखडला तर धंदाच बसतो. म्हणून तो शिडीवर चढतो, स्लॅबवर पाइप टाकतो, गुडघ्यावर बसून बोर्ड फिट करतो हे साक्षीत आलं पाहिजे, ज्या ठेकेदाराकडे काम करत होता त्याला साक्षीला आणा. कमाईचा पुरावा म्हणून बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयने आलेले पैसे, वायरमन परवाना, गिऱ्हाइकांची बिलं, जे असेल ते.

हायवे_ब्रेकडाऊन

मी पंधराएक वर्ष याच लाइनमध्ये आहे, स्वतःची क्रेन आहे, म्हणून आमच्या बाजूने काय तपासायचं ते सांगतो. हूक असाच निसटत नाही. हुकाला जीभ असते, ती स्प्रिंगवर आपोआप मिटते, ती तुटलेली असली की चढउताराला झटका बसला की साखळी सरकून बाहेर येते. बरेच जण तुटलेल्या जिभेवरच वर्षानुवर्षं धंदा करतात आणि त्याचा मला फार राग येतो कारण नाव सगळ्यांचं खराब होतं. पुढची चाकं उचलून नेत नसतील तर ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस स्टेअरिंगवर लागतोच, तो असता तर निदान हँडब्रेक तरी ओढला असता. दोर किंवा साखळीने ओढताना दोन गाड्यांतलं अंतर ५ मीटरच्या वर नको आणि मागच्या गाडीवर ओढून नेत असल्याची पाटी हवी. चढावर तर मी दुसरी साखळी लावल्याशिवाय हलतच नाही.

तेव्हा पोलिसांना सांगून तो हूक आणि साखळी पंचनाम्यात घ्यायला लावा, फोटो काढून ठेवा. क्रेन सोडवून नेली की पहिलं काम तेच होतं, नवा हूक बसतो. आणि एमपरिवहन ॲपवर क्रेनचा नंबर टाका, इन्शुरन्स आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. स्क्रीनशॉट घ्या.

वकील_सातारा

हे फार मोलाचं सांगितलंत. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात हुकाची अवस्था आली पाहिजे, तसा अर्ज उद्याच द्या. सर्व्हिस रोडवर पेट्रोल पंप, ढाबा असेल तर सीसीटीव्हीचं फुटेजही पोलिसांकडून लगेच मागवा, फार दिवस राहत नाही.

ड्रायव्हरच्या लायसन्सवरून विमा कंपनी फाटे फोडेल. ७५०० किलोच्या आतली गाडी असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने पक्कं केलंय. त्याहून मोठी क्रेन असली आणि लायसन्स कमी पडलं तरी बहुतेक वेळा कंपनीने आधी जखमीला द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं असाच आदेश होतो.

नाशिक_निवांत

मध्येच विचारतो, माफ करा. माझा मावसभाऊ टोइंग व्हॅनवर हेल्पर आहे, ती नो पार्किंगच्या गाड्या उचलणारी. बाइक चढवताना बोटं चिरडली. तो तर त्यांचाच माणूस, त्याला काही मिळतं का?

वकील_सातारा

मिळतं. कामावर असताना झालेली इजा म्हणून कामगार भरपाईचा रस्ता आहे किंवा मोटार अपघात न्यायाधिकरणाचा, पण कलम १६७ प्रमाणे दोन्हीपैकी एकच निवडायचा. कामगार भरपाईत मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हेल्परला बऱ्याचदा तेच सोयीचं. ठेकेदार "हा माझा माणूसच नाही" म्हणतो तेव्हा हजेरी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ड्युटीचे मेसेज, पगाराची एंट्री कामी येते, ते आजच जपून ठेवायला सांगा.

मिरजेची_ताई

अजून एक, हॉस्पिटलच्या बाहेर जे एजंट फिरतात ना, "केस आमच्याकडे द्या, आत्ता काही नको, मिळालं की ३० टक्के", त्यांच्यापासून लांब राहा दादा. कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतात आणि नंतर फोनसुद्धा उचलत नाहीत.

वकील_सातारा

ताईंचं बरोबर आहे, निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमाने बंदीच आहे. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला आणि अपंग व्यक्तीला वकील मोफत मिळतो. जाताना एफआयआरची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, सगळी मूळ बिलं, एक्स-रे, भावाचं लायसन्स आणि आधार घेऊन जा. अपंगत्वाच्या दाखल्याची घाई करू नका, उपचार संपत आले की सिव्हिल हॉस्पिटलला घ्या, पण दावा त्याच्यासाठी थांबवू नका, दाखला नंतर जोडता येतो.

कृष्णाकाठ_दादा

उद्या सकाळी पोलीस स्टेशनला दोन्ही अर्ज घेऊन जातोय, पुरवणी जबाबाचा आणि हुकाचा. क्रेन अजून तिथेच आवारात उभी आहे असं कळलं. सगळ्यांचे मनापासून आभार.